पोर उन्हाने भाजलं तर रंग बघू नका, हात लावून बघा

मागच्या मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडून मांडव्याला आणि तिथून किहीमला गेलो होतो. आभाळ भरून आलेलं, बोटीच्या डेकवर गार वारा. आमची थोरली, वय नऊ, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये तासभर कठड्याला चिकटून उभी होती. पुढे किनाऱ्यावर दीड-दोन तास वाळूत खेळली. ऊन लागतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी भांडुपला घरी पोचलो तोवर तिची एकही तक्रार नव्हती. सासूबाईंनी मात्र दारातच म्हटलं, "अगं, केवढी काळवंडलीय पोरगी!" आणि वाटीत बेसन, दही, लिंबू कालवायला घेतलं. मीही थांबवलं नाही. त्यांचं पहिलं बोट खांद्याला टेकलं मात्र, पोरीने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या.

पोर काळवंडली नव्हती, भाजली होती. आपल्याकडे गोची इथेच होते. 'सनबर्न गोऱ्यांना होतो, आपण फक्त काळे पडतो' हे आपण इतकं घट्ट धरून बसलोय की उन्हाने भाजलेल्या मुलावर पहिला इलाज रंगाचा होतो आणि जखमेचा राहून जातो. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन थोडं संरक्षण देतं, पण ते काही छत्री नव्हे. शिवाय लहान मुलांची कातडी पातळ असते. गव्हाळ किंवा सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही, एवढंच.

भाजलंय की नाही, हे कसं ओळखायचं

हाताची मागची बाजू मुलाच्या खांद्यावर ठेवा. मग तीच कपड्याखाली झाकलेल्या जागी, म्हणजे कमरेच्या नाडीखाली किंवा पोटावर ठेवा. खांदा स्पष्टपणे जास्त गरम लागला, कातडी ताणलेली आणि जरा चकाकल्यासारखी वाटली, हात लागताच मूल आक्रसलं, तर ते भाजणं आहे, रंग कसाही दिसो. फ्रॉकचा पट्टा, बनियनची कड किंवा चपलेचा अंगठा जिथे होता तिथे सरळ रेषेत फरक दिसला तर शंकाच नको. खांदे, मानेची मागची बाजू, कानांच्या पाळ्या, नाक आणि पावलांची वरची बाजू या जागा आवर्जून बघा. कान आपण नेहमी विसरतो. डोक्यावर भांग पाडलेला असेल तर भांगसुद्धा.

दोन-तीन गोष्टींशी गल्लत होते. घामोळं बारीक पुरळाचं असतं आणि बहुधा कपड्याखाली, मानेच्या वळीत, काखेजवळ येतं. ऊन भाजतं ते नेमकं उघड्या जागी. आंब्याचा चीक ओठांच्या कडेला, हनुवटीवर चट्टे आणतो. पावसाळ्यात जुहू-गिरगावला जेलीफिश डसली तर पाण्यात असतानाच आग होते आणि चाबकाच्या वळासारख्या रेघा उमटतात.

उन्हाचा भाजणारा भाग अतिनील किरणांचा असतो आणि तो अंगाला जाणवत नाही. म्हणून वारा असला की फसगत होते. पातळ ढगांतूनही यातले बहुतेक किरण खाली येतात, वाळू आणि समुद्राचा फेस त्यात परावर्तनाची भर घालतात, आणि मूल पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेलं असलं तरी वरच्या हात-दीड हात पाण्यातून किरण आत पोचतात. मुंबईत मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. जुलैत तो ढगांआड लपतो, पण मधल्या उघडिपीला तेवढाच कडक असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे भाजणं लगेच दिसत नाही. आग आणि लाली तीन ते पाच तासांनी सुरू होते आणि १२ ते २४ तासांत कळसाला जाते. संध्याकाळी सहाला हसतखेळत असलेलं मूल पहाटे दोनला रडत उठतं, ते यामुळे. म्हणून संध्याकाळी खांदा गरम लागला की तेव्हाच कामाला लागा, ते कुरकुरायची वाट बघू नका.

पहिला तास: पाणी, आणि कुठलं पाणी

आधी मुलाला सावलीत, घरात आणा. घट्ट कपडे, गळ्यातली साखळी, बांगड्या काढा. भाजलेली जागा सुजली की त्या रुततात.

मग गार पाणी. इथे मुंबईची एक खास अडचण आहे. मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी येतं, कधीकधी चटका बसेल इतकं. अंगावर सोडण्याआधी आपल्या मनगटावर बघा. सकाळी भरून ठेवलेल्या बादलीचं किंवा पिंपातलं पाणी उत्तम. नसेल तर नळाच्या पाण्यात माठातलं मिसळा. गार म्हणजे सुखद गार, फ्रिजमधलं नव्हे. आणि बर्फ तर अजिबात नको, कापडात गुंडाळूनही नको. भाजून दुखावलेल्या कातडीला बर्फाने पुन्हा इजा होते.

खांदे-पाठ भाजली असेल तर मुलाला मोरीत पाटावर बसवून दहा-पंधरा मिनिटं हळूहळू तांब्याने पाणी सोडा. शॉवरचा जोर असेल तर तो टोचतो. एवढ्याशा जागेसाठी ओल्या पट्ट्या पुरतात: जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा भिजवून, हलका पिळून ठेवायचा आणि गरम झाला की बदलायचा. दर दोन-तीन तासांनी पुन्हा. तान्ह्या किंवा अगदी लहान मुलाला हुडहुडी भरायला लागली तर लगेच थांबा, भाजलेल्या बाळाचं अंग पटकन गार पडतं. साबण, उटणं, स्क्रब, अंगघासणी काही नको. समुद्राचं मीठ किंवा तलावाचं क्लोरीन अंगावर असेल तर नुसत्या पाण्याने धुवून काढा.

टॉवेलने पुसू नका, टिपा. अंग किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझिंग लोशन पातळ थरात लावा, म्हणजे ओल कातडीत राहते. कॅलामाइन लोशन खाजेला बरं, पण सुकलं की ताणतं, म्हणून मी ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवते.

वाटीतलं काय लावायचं, काय नाही

कोरफड चालते, घरच्या कुंडीतलीही. पान कापून दहा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, तो कातडीला त्रास देतो. मग साल काढून आतला पारदर्शक गर धुवून घ्या. आधी मुलाच्या हातावर, न भाजलेल्या जागी, थोडा लावून अर्धा तास बघा. फोड आला असेल किंवा कातडी फाटली असेल तिथे मात्र नको. बाजारातलं जेल घेतलंत तर वासाचं आणि अल्कोहोल असलेलं टाळा. 'कोरफड' असं मोठ्या अक्षरांत छापलेल्या हिरव्यागार बाटलीत रंग आणि अत्तरच जास्त असतं.

लिंबू नाही. नुसती आग होते म्हणून नाही, लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर त्या दोघांच्या संगतीने वेगळंच भाजतं. दीड-दोन दिवसांनी रस ओघळला त्या आकाराचे फोड आणि मग महिनोन्महिने राहणारे काळे डाग. दुपारी अंगणात सरबताची लिंबं पिळणाऱ्या मुलांच्या हातांवर असे डाग येतात. बेसन, मुलतानी माती, हळद, चंदन हे सगळं सुकून ओढतं, आणि काढताना जी घासाघीस होते ती वेगळीच. टूथपेस्टने दोन मिनिटं गार वाटतं, मग चुरचुरतं. तूप, खोबरेल, व्हॅसलीन यांचा जाड थर पहिल्या दिवशी उष्णता आत कोंडून ठेवतो, आणि आपल्या दमट हवेत वरून घामोळं आलं की दुहेरी त्रास. दह्याबद्दल माझं सासूबाईंशी एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं, दह्याचं ताक करून पोटात घालावं.

आणि एक गंभीर गोष्ट. घराघरात फ्रिजच्या दारात एक क्रीमची ट्यूब पडलेली असते, केमिस्टने कधीतरी खाजेसाठी दिलेली, ज्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं औषध तिन्ही असतं. ती मुलाच्या भाजलेल्या अंगाला लावू नका. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन डॉक्टर कधीकधी दोन-तीन दिवसांसाठी देतात, तो निर्णय त्यांचा. बधिर करणारे स्प्रे आणि मलमं, ज्यांत बेंझोकेन असतं, तीही मुलांना नकोत.

दुखण्याचं औषध

दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्या. ते वयावर नाही, वजनावर द्यायचं: एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. २० किलोच्या मुलाला म्हणजे २०० ते ३०० मिलिग्रॅम. गडबड होते ती बाटलीच्या ताकदीत. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. पहिल्याचे ८ ते १२ मिलिलिटर लागतील, दुसऱ्याचे ४ ते ६. बाळांचे ड्रॉप्स त्याहून कितीतरी तीव्र असतात. त्यामुळे लेबल वाचा, बाटलीसोबतच्या मापानेच द्या, चमच्याने नको. सर्दीचं सिरप चालू असेल तर त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं, ते धरून हिशेब करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

आयबुप्रोफेन सूज उतरवतं हे खरं, पण मूल नीट पाणी पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा सहा महिन्यांपेक्षा लहान असेल तर नको. पावसाळ्यात तापही असेल तर मुंबईत डेंगीची शंका नेहमीच असते, आणि डेंगीत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल ही औषधं रक्तस्राव वाढवू शकतात. दोन औषधं एकत्र असलेली सिरपं सर्रास मिळतात, म्हणून नाव वाचा. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीच नाही, त्यातून मेंदू आणि यकृताला इजा करणारा रेय सिंड्रोम होऊ शकतो.

रात्र आणि दुसरा दिवस

भाजलेली कातडी पाणी ओढून घेते, आणि शरीराच्या बाकी भागात कमतरता पडते. थोडं थोडं, सारखं पाजत राहा: पाणी, ताक, शहाळं, पातळ कोकम सरबत. मूल मलूल वाटलं तर ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात नाही. उरलेलं २४ तासांनी टाकून द्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का बघा. दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारी गोड पेयं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी घातली, ती उगीच नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला मात्र अंगावरचंच दूध, फक्त जास्त वेळा.

पाणी पुरतंय की नाही याचं माप म्हणजे शू. दर चार-सहा तासांनी आणि फिकट रंगाची होत असेल तर ठीक.

झोपवताना अंगात काही नसलं तरी चालेल. घालायचंच तर वडिलांचा जुना, धुवून धुवून विरलेला सुती शर्ट, उलटा करून, म्हणजे शिवणी टोचत नाहीत. गादीवर जुनी सुती साडी दुमडून अंथरा. पंखा चालू ठेवा. एसी असेल तर २६ वगैरे, झोत अंगावर नको. पाठ भाजलेल्या मुलाला कुशीवर उशीचा टेकू द्या. आमची थोरली त्या रात्री माझ्या मांडीवर पालथी झोपली आणि दर तासाला "आई, पट्टी" म्हणून उठली. सकाळी सहाला माझ्या पायाला मुंग्या होत्या आणि तिचा खांदा कोमट.

दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर दप्तराचा पट्टा आणि लोकलची गर्दी दोन्ही आठवा, आणि घरीच ठेवा. ऊन अजिबात नको, खिडकीतलंही नाही.

फोड आले तर

बारीक फोड म्हणजे भाजणं एक थर खोल गेलं. फोडू नका. त्याच्या आतलं पाणी आणि वरचं पापुद्र्यासारखं कातडं हीच त्या जागेची मलमपट्टी असते. आपोआप फुटला तर साध्या साबणाने आणि पाण्याने हलकं धुवा, वर केमिस्टकडे मिळणारी पॅराफिन लावलेली जाळी ठेवा आणि सैल बांधा. नुसता कापूस ठेवू नका, तो चिकटतो. घरातलं चांदी असलेलं (सिल्व्हर सल्फाडायझिनचं) पांढरं बर्नचं मलम मनाने लावू नका. बरेच फोड एकत्र आले किंवा चेहरा, हात, जननेंद्रियाजवळ आले तर घरगुती उपचार तिथेच संपले.

डॉक्टरांना फोनवर किती भाजलंय हे सांगायचं एक सोपं माप आहे: मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. 'पाठ भाजलीय' यापेक्षा 'आठ तळवे भाजलंय, त्यातल्या एका तळव्यावर फोड' हे ऐकून डॉक्टर लगेच ठरवू शकतात.

कधी थांबायचं नाही

मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर कितीही थोडं भाजलेलं असो, त्याच दिवशी दाखवा. मोठ्या मुलाला १०२ च्या वर ताप, हुडहुडी, उलट्या, डोकेदुखी, औषध देऊनही न थांबणारं दुखणं, यांपैकी काही असलं तरी तेच. डोळे दुखून उजेड सहन होत नसेल तर डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर (कॉर्निया) भाजलेला असू शकतो, विशेषतः दिवसभर पाण्याच्या किनारी असल्यावर. आठ तासांत शू नाही, रडताना अश्रू नाहीत, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेत, तर तोंडावाटे पाणी पुरत नाहीये. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी व्हायच्या ऐवजी सूज-दुखणं वाढलं, पू किंवा पिवळी खपली आली, जखमेपासून लाल रेघा निघाल्या, तर जंतुसंसर्ग झालाय.

दिवसा आपले नेहमीचे डॉक्टर किंवा महापालिकेचा आपला दवाखाना पुरतो. रात्री-अपरात्री परळचं वाडिया रुग्णालय खास मुलांचंच आहे. केईएम, सायन, नायर, कूपर यांपैकी जवळचं गाठलंत तरी चालेल, तातडीचा विभाग चोवीस तास असतो.

या सगळ्याहून वेगळा आणि घाईचा प्रकार उष्माघाताचा. मूल असंबद्ध बोलतंय, ओळखत नाही, झोकांड्या खातंय, झटका आला, बेशुद्ध पडतंय, अंग १०४ च्या घरात तापलंय: तर कातडीचा विचार सोडा. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहू नका. कपडे काढा, अंगावर सतत पाणी ओता, जोरात वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, ठसका लागतो. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा तो ताप नव्हे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पारा नागपूरइतका चढायची गरजच नसते. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात खारघरच्या मैदानात उन्हात बसलेली माणसं दगावली, ती याच हवेत.

डॉक्टरकडे जाताना चालू औषधांची नावं घेऊन जा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून आठ वर्षांवरच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन देतात, आणि त्या औषधाने थोड्या उन्हातही कातडी भाजते. मुरुमांच्या गोळ्या घेणाऱ्या मोठ्या मुलांचंही तसंच. एरवी अर्ध्या तासाच्या उन्हात मूल एवढं भाजलं असेल तर हे विचारायलाच हवं.

साल निघायला लागली की

चौथ्या दिवसापासून आठव्यापर्यंत पापुद्रे सुटतात. मुलांना ते ओढण्यात विलक्षण आनंद असतो, आणि आमच्या धाकट्याने तर ताईच्या पाठीवर नंबर लावला होता. ओढू देऊ नका, सुटलेलं टोक कात्रीने कापा. नखं काढा. खाज येते, तिला गार पट्टी आणि लोशन. रात्री झोपच लागत नसेल तर खाजेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

खालची नवी कातडी काही आठवडे नाजूक असते आणि सगळ्यात आधी तीच पुन्हा भाजते. भाजलेल्या जागेवर सनस्क्रीन नको, ती झाकायची. बरी झाल्यावर मात्र ३० किंवा जास्त एसपीएफचं, यूव्हीए आणि यूव्हीबी हे दोन्ही अतिनील किरण अडवणारं, उन्हात जायच्या वीस मिनिटं आधी, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि टोपडं.

पोहण्याच्या किंवा क्रिकेटच्या उन्हाळी शिबिराचे पैसे भरलेले असतात, आणि आठवडा बुडाला की जीव तुटतो. बुडू द्या. परत पाठवताना बॅचची वेळ बघा. मुंबईत सूर्य बाराला नाही, साडेबारा ते पाऊणच्या सुमारास माथ्यावर येतो, त्यामुळे 'दहा ते साडेअकरा, मग ऊन चढतं' हा हिशेब फसवा आहे. दहालाच ते पुरेसं चढलेलं असतं, आणि साडेतीनपर्यंत उतरत नाही. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड दिसत असेल तर ती वेळ मैदानाची नाही. सकाळी सातची बॅच मागा. आमच्या शिबिरात ती भरलेली होती, म्हणून मी संध्याकाळी पाचची घेतली आणि वर लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. थोरलीला तो मुळीच आवडत नाही, 'पाणबुड्यासारखी दिसते मी' म्हणते, पण घालते.